काळ्या पाटीवाला भाडेकरू

खोली बघायला आला तेव्हा त्याने नळाचं विचारलं नाही, संडास कुठे आहे तेही विचारलं नाही. "लाइन दिवसातून किती वेळा जाते?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, "चामोर्शीत जशी जाते तशी जाते." तो म्हणाला, "मंग ठीक आहे, बाई. माझं डबडं आहे." डबडं म्हणजे बॅटरीचं यूपीएस. त्याच्या सामानात तेच सगळ्यात जड होतं. बाकी एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, कपड्यांची एक पिशवी आणि शिलाई मशीनचं पायाने दाबायचं पेडल. मशीन नव्हतं. नुसतं पेडल.

मला वाटलं माणूस शिंपी असेल, मशीन मागून येईल. ते कधीच आलं नाही. पेडल त्याने टेबलाखाली ठेवलं आणि त्याची वायर कॉम्प्युटरला जोडली. वर्षानुवर्षं डाव्या करंगळीने एकच बटण दाबून दाबून ती करंगळी वाकडी झाली होती. म्हणून ते बटण त्याने पायाला दिलं. दोन हात कीबोर्डवर आणि एक पाय पेडलवर, असा तो दिवसभर बसे. दारातून पाहिलं तर पेटी वाजवतो आहे असं वाटे.

माऊस त्याने शेपटीला धरून खिळ्याला टांगला होता. आलेल्या गिऱ्हाइकाने "हा इथी काऊन लटकवला?" असं विचारलं, की म्हणायचा, "घरात उंदीर होऊ नये म्हणून."

अर्ज, शपथपत्रं, दाखल्यांचे कागद टाइप करून देणं हा त्याचा धंदा. आधी नागपुरात मोठ्या कंपनीत होता. का सोडली, विचारलं तर म्हणाला, "तिथं मले माझी पाटी वापरू देत नोते."

पाटी हे नाव मी ठेवलेलं. प्रोग्रामचं खरं नाव त्याने मला पुष्कळदा सांगितलं, माझ्या जिभेवर बसलं नाही. काळा पडदा आणि त्यावर पांढरी अक्षरं, मग पाटी नाही तर काय? पुढे तोही तेच म्हणायला लागला. तो लिहिण्याचा प्रोग्राम होता. पण त्याचं म्हणणं, बाकीच्या प्रोग्रामांत आपण त्याच्या घरी पाहुणे असतो, इथे घर आपलं. कोणत्या बटणाने काय व्हावं, अक्षर केवढं दिसावं, चुकलं तर काय करावं, सगळं आपण लिहून ठरवायचं. पेडल दाबून एक बटण मारलं की रहिवासी दाखल्याचा अर्ज समोर उभा राही, नुसतं नाव भरायचं. दुसऱ्या बटणाने एसटीच्या गाड्यांच्या वेळा येत. चिठ्ठ्या, रोजनिशी, हिशेबाचं गणित, बाजाराची यादी, सगळं त्या एकाच पाटीत. झोपायची सोय तेवढी तीत नव्हती.

कीबोर्डवर एकही अक्षर उरलेलं नव्हतं, सगळी बटणं गुळगुळीत झालेली. दुसऱ्या कोणी त्यावर बोट ठेवलं तर काय होईल ते सांगता येत नसे. टेबलाला हात लावायचा नाही, एवढा एकच नियम त्याने मला पहिल्या दिवशी सांगितला होता.

ठरवलेल्या सगळ्या गोष्टी एका फाइलीत लिहिलेल्या होत्या आणि प्रत्येकीखाली मराठीत कारण. एकदा त्याने मला त्यातलं वाचून दाखवलं. "चार वाजता खालची पट्टी पिवळी व्हावी. कारण, बाई चहाला हाक मारतात, मला ऐकू येत नाही, मग त्या ओरडतात."

"हे काढून टाका," मी म्हटलं.

"खोटं आहे का?"

"खोटं नाई."

"मंग राहू द्या."

ती फाइल तो जगभर कोणाकोणाला पाठवत असे आणि ते लोक आपापल्या फाइली याला पाठवत. कुठल्याशा थंड देशातल्या माणसाने त्याला लिहिलं होतं, की तुमची चहाची युक्ती मी माझ्या बायकोसाठी लावून घेतली. मी ओरडते हे त्या देशापर्यंत पोचलं होतं.

पाटीत एक डॉक्टरही होता. इंग्रजी बोलणारा. याने महिनाभर खपून त्याला आपली बोली शिकवली आणि मला समोर बसवलं. "बाई, तुम्ही बोला, मी लिहितो."

"गुडघा दुखते," मी म्हटलं.

पाटीवर उमटलं, 'गुडघा दुखते असं तुमाले कधीपासून वाटते?'

"वाटत नाई. दुखते."

'वाटत नाई असं काऊन म्हणता?'

"दुखते म्हणून!"

'तुमच्या घरच्यांबद्दल काई सांगा.'

"मेले ते. त्यांचा अन् माझ्या गुडघ्याचा काय संबंध?"

तो हसून हसून खुर्चीवरून पडायच्या बेताला आला. "त्याले काईच समजत नाई, बाई. तुमचंच वाक्य उलटं करून तुमाले देते."

"मंग पक्का डॉक्टर आहे," मी म्हटलं. असे दोघे मी पाहिले होते.

राजुऱ्याहून त्याचा एक मित्र येई. खाणीच्या सर्वे ऑफिसातून निवृत्त झालेला. दोन गाड्या बदलून यायचा आणि भांडून जायचा. त्या मित्राची पाटी वेगळी होती. तिच्यात म्हणे आधी सांगावं लागतं की आता मी लिहिणार आहे, तेव्हाच ती लिहू देते. माझा भाडेकरू म्हणायचा, "तुह्या घरात बायको बी अशीच परवानगी घेऊन बोलते का?" मित्र म्हणायचा, "अन् तुले दहा बोटं कमी पडली म्हणून पाय लावला! उद्या नाक लावजो." वीस वर्षं हे भांडण चाललं होतं. दोघांनी एकमेकांची पाटी कधी वापरली नाही आणि दोघांपैकी कोणाचीही बिघडली, तर पहिला फोन दुसऱ्यालाच जाई.

हे सगळं मी गंमत म्हणून पाहत होते. माणूस बह्याड आहे पण निरुपद्रवी, असं माझं मत होतं. मैनाच्या बापाचं प्रकरण झालं आणि ते मत मला बदलावं लागलं.

मैना जंगलातल्या गावची. आठवडी बाजाराला चारोळी, डिंक, मोहफुलं घेऊन यायची आणि बाजार भरेपर्यंत टोपली माझ्या पडवीत ठेवायची. वय पन्नाशीचं, बोलणं कमी. तिच्या गावाने जंगलावर सामूहिक हक्काचा दावा टाकला होता. पिढ्यान्‌पिढ्या आम्ही हे जंगल वापरतो, याचा पुरावा द्यायचा होता. जुना कागद कोणाजवळ नव्हता. पण गावातल्या म्हाताऱ्या माणसाचा जबाब लिहून दिला तर तोही पुरावा धरतात. गावाची पूर्ण हद्द पायाखालून गेलेला एकच माणूस उरला होता, तो मैनाचा बाप.

त्याच्या छातीच्या दुखण्यासाठी मैना त्याला इकडे दवाखान्यात घेऊन आली तेव्हा दोघं चार दिवस माझ्याकडे राहिली. चारही सकाळी म्हातारा माझ्या भाडेकरूच्या खोलीत बसून हद्द सांगत होता. कोणीतरी फोनवर आवाज भरून घ्यायचं सुचवलं. फोन समोर ठेवला की म्हातारा गप्प. म्हणाला, "हे डोळे मिटून ऐकते. मले नाई जमत." मग हाच ऐकायचा आणि टाइप करायचा. म्हातारा अर्धं गोंडीत बोले, मैना मराठी सांगे. बोलताना बसल्या जागी म्हाताऱ्याचे पाय हलत. नाला आला की पाय उचलून ठेवी. आणि याची बोटं त्या पायांच्या चालीने चालत. मी दारात उभी राहून ते पाहत असे आणि चुलीवरचं विसरत असे.

गावी परत गेल्यावर म्हाताऱ्याने ग्रामसभेत सगळ्यांसमोर अंगठा दिला. रजिस्टरात लिहिलं, जबाब दिला, सोबत जोडला आहे. दहा दिवसांनी तो वारला. जोडायचा जबाब अजून पाटीतच होता. भाडेकरू त्यातलं इकडचं तिकडचं काढून तो नीट करत होता. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी तो सगळ्याची नक्कल पेनड्राइव्हवर घेई. त्या शनिवारी तो म्हाताऱ्याच्या मातीला गेला होता.

मंगळवारी मैना कागद न्यायला यायची होती. बुधवारी तो दावे तपासणाऱ्या समितीकडे द्यायचा शेवटचा दिवस. प्रिंटरची शाई संपलेली, म्हणून हा सकाळीच गडचिरोलीला शाई आणायला गेला.

मी घुग्घुसला तीस वर्षं काढली. नवरा खाणीत होता. तिथे सकाळी पुसलेलं ताट दुपारी काळं होई. धूळ दिसली की माझा हात थांबत नाही, ही माझी खोड आहे. त्या दिवशी पाहुणी येणार आणि त्याच्या खोलीत बोटभर धूळ. नियम मला ठाऊक होता. मी पुसायला गेले.

बादली टेबलाखाली सरकवली. ती पेडलवर बसली हे मी पाहिलं नाही. फडकं पिळून कीबोर्डवर ठेवलं आणि तेवढ्यात स्वयंपाकघरात दूध उतू गेल्याचा वास आला. फडकं तिथेच टाकून मी धावले. परत येऊन कीबोर्ड दोनदा चांगला घासला. मान वर केली तर पाटी रिकामी. वरच्या कोपऱ्यात चारदोन वेडीवाकडी अक्षरं, बस.

मैना पडवीत येऊन बसली होती. मी तिला जाऊन सांगितलं, "तुझ्या बापानं सांगितलेलं सारं माझ्या हातून गेलं."

"सारं?"

"पाटी कोरी आहे."

ती रडली नाही. टोपलीच्या काठावर हात ठेवून बसली. मग म्हणाली, "गावातले लोक म्हणून राह्यले, पाहणीले साहेब आले तं हद्द सरपंचाचा भाऊ दाखवंल. त्याले सडकेवरून दिसते तेवढंच जंगल ठाव आहे. मी म्हणलं, मी बाबाच्या संगं हिंडली आहे, मी दाखवतो. तं म्हणे, तुले काय समजते. म्हणलं, ठीक आहे, बाबाचा कागद तं आहे, कागद खोटं नाई बोलत." आणि माझ्याकडे पाहिलं. "आता कागद बी नाई."

मी भाडेकरूला फोन लावला. तो परतीच्या एसटीत होता. काय झालं ते सांगितलं. त्याने शिवी दिली नाही. विचारलं, "पाटी चालू आहे?"

"आहे."

"मंग सारं आहे. चालू आहे तोवर सारं आहे. बंद झाली तं काईच नाई. कशालेच हात लावू नोका." पुढे रेंज गेली.

मी खुर्ची ओढून पाटीसमोर बसले, लेकरू राखावं तशी. पाऊण तास झाला आणि लाइन गेली.

डबडं टूं टूं करायला लागलं. अर्धा तास चालतं, हे मला माहीत होतं. गाडी यायला अजून तास होता. शेजारी मोबाइल दुरुस्तीचं दुकान, त्याच्याकडे इन्व्हर्टर. पण त्या माणसाशी मी दोन वर्षं बोलले नव्हते. त्याच्या मोरीचं पाणी माझ्या भिंतीला लागतं, त्यावरून झालं होतं. मी दुकानात गेले.

"भाऊ, तुमच्या इन्व्हर्टरची लाइन पाहिजे."

"आता भाऊ झालो?"

"लाइन गेली की होतेच माणूस भाऊ. वायर आहे का लांब?"

वायर होती. कुंपणावरून त्याने ती खिडकीतून आत टाकली, स्वतःही आला. डबड्याची पिन भिंतीतून काढून त्याच्या वायरीत लावली. टूं टूं थांबलं. तेवढ्यात त्याचं लक्ष पाटीकडे गेलं.

"हे तं हँग झालं दिसते, काकू. बंद करून चालू करा, होते ठीक." आणि बोलता बोलता त्याचा हात कॉम्प्युटरच्या बटणाकडे गेला.

मैनाने त्याचं मनगट धरलं. आयुष्यभर लाकडाच्या मोळ्या वाहिलेला हात. तो म्हणाला, "सोड ना बाई, दुखून राह्यलं!" ती म्हणाली, "बाहेर चाल, मंग सोडतो." दुकानाच्या पायरीपर्यंत नेऊन तिने त्याला सोडलं.

भाडेकरू आला तेव्हा घामाने भिजलेला होता. फाट्यापासून पळत आला असणार. त्याने पाटीकडे आधी पाहिलं नाही, टेबलाखाली पाहिलं. बादली मी काढली होती, पण पेडलवर ओला गोल राहिला होता. मग तो खुर्चीत बसला आणि दोन बटणं मारली. पाटीचे दोन भाग झाले. खालच्या भागात चिन्हांच्या रांगा उमटल्या. त्याने मला सांगितलं, की मारलेली शेवटची तीनशे बटणं पाटी लक्षात ठेवते, कोणी मारली ते विचारत नाही.

तो त्या रांगा वाचायला लागला. रेंजर जमिनीवर वाकून ठसे वाचतो तसा.

"बादली पेडलवर होती. हे एकच बटण पाहा, एकापुढं एक, दीडशेच्या वर. इथी तुमचं फडकं पडून होतं. त्या बटणानं एकेक ओळ कापली जाते. फडकं ठेवून तुम्ही कुठी गेल्या होत्या?"

"दूध उतू गेलं."

"मंग आल्या. उजवीकडून डावीकडं पुसलं. एकदा. मंग परत एकदा, जोरात. अन् या दुसऱ्या वेळी, हे पाहा, कोरी पाटी तशीच जतन बी करून टाकली." तो माझ्याकडे वळला. "बाई, दूध पूर्णच गेलं का थोडं राह्यलं?"

"थोडं राह्यलं."

"मंग चहा ठेवा."

मी ठेवला नाही. मी तिथून हलणार नव्हते. साठ-सत्तर वर्षांत मला पुष्कळ माणसं भेटली, शिकलेली, साहेब, भगत, डॉक्टर. स्वतः खोलीत नसताना माझा हात कोणत्या दिशेने फिरला, हे सांगणारा हा पहिला.

"पाटी बंद झाली असती तं?" मैनाने विचारलं.

"पुसताना तुमच्या फडक्यानं बंद करायचं बटण बी दाबलं आहे, बाई," तो मलाच म्हणाला. "पण त्या बटणाचं काम मी पहिलेच काढून टाकलं होतं. लोक हसत होते, म्हणे घराले दार ठेवलं नाई यानं."

मग त्याने पेडल दाबलं आणि एक बटण मारलं. एक ओळ आली. परत मारलं. दुसरी आली, पहिलीच्या वर. ओळी ज्या क्रमाने कापल्या गेल्या होत्या त्याच्या उलट तो चालला होता, शेवटची कापलेली ओळ आधी. म्हाताऱ्याने हद्द उगवतीकडून सुरू करून मावळतीला संपवली होती. आता ती मावळतीकडून परत येत होती. मैनाला वाचता येत नाही, म्हणून तो ओळ आली की मोठ्याने वाचे.

"'इथून गावाची वाट दिसते.'"

"हाव."

"'काळ्या गोट्यापासून बोडीच्या पाळीवर, तळ्याचं पाणी एका हाताला.'"

"हाव. आता देवाचा दगड येईल," मैना म्हणाली. पुढच्या ओळीत देवाचा दगड आला. "आता नाला, दोनदा ओलांडा लागते." नाला आला, दोनदा. ती डोळे मिटून उलट्या वाटेने चालली होती आणि पाटी तिच्या मागे मागे येत होती. दीडशे ओळी झाल्या. तिचा एकही मुक्काम चुकला नाही. शेवटी तीन मोहाची झाडं आली, जिथून म्हाताऱ्याने सुरुवात केली होती.

"झालं," मी म्हटलं. "थांबा आता."

तो थांबला नाही. का, ते त्याने मला नंतरही सांगितलं नाही. मला वाटतं, त्याला हातातून ती चाल सोडवेना. त्याने बटण मारलं आणि मधेच एक नवी ओळ उमटली. ती फडक्याने कापलेली नव्हती. ती त्याने स्वतः कापलेली होती, जबाब नीट करताना. त्याने वाचली.

"'या बाईच्या घरचा चहा म्हणजे निस्तं गरम पाणी.'"

मग मैना हसली. बाप गेल्यापासून पहिल्यांदा हसली असेल. मी म्हटलं, "माझ्या घरी खाऊन पिऊन हे!"

पाटी मागे मागे जात राहिली. म्हाताऱ्याचा खोकला आला, त्याने तोही लिहून घेतला होता. पाणी मागितलेलं आलं. 'मैने, जरा मोठ्यानं सांग याले, हा शहरातला आहे.' मैना प्रत्येक ओळीला मान हलवत होती. आणि मग एक लांब ओळ आली. ती तो मनात वाचून थांबला.

"वाच ना, भाऊ," मैना म्हणाली.

"'नाल्याच्या पलीकडं माझ्यापेक्षा हिले जास्त ठाव आहे. लहान होती तवापासून माझ्या मागं हिंडली. मी नसलो तं साहेबाले सांगजा, हिले इचारा.'"

मी त्याला विचारलं, "हे तुम्ही कापलं?"

"हद्दीचं तेवढंच पाहिजे होतं. हे मले घरगुती वाटलं." तो आपल्या बोटांकडे पाहत होता. "माझी चूक झाली, बाई."

"माझ्या फडक्यापेक्षा मोठी," मी म्हटलं.

"हाव."

त्या माणसाबद्दल मला आदर वाटला तो त्या 'हाव'मुळे. दीडशे ओळी परत आणल्या तेव्हा मी थक्क झाले होते. पण मशीनमध्ये इतका मुरलेला माणूस आपल्या हाताचं चुकलं हे एका शब्दात मान्य करतो, हे मी कमी पाहिलं आहे. माझ्या नवऱ्याने मोरीचं झाकण उघडं ठेवल्याचंही कधी मान्य केलं नाही.

त्याने पाटी परत पुढे आणली, पूर्ण जबाबापर्यंत. मग ती एक ओळ जिथे म्हाताऱ्याने सांगितली होती तिथे परत बसवली. चहाची नाही. शाई भरली. दोन प्रती काढल्या, एक समितीला, एक मैनाला. मैनाने आपली प्रत घडी न घालता टोपलीत सपाट ठेवली, वर डिंकाचं पुडकं ठेवलं आणि पाच वाजताच्या गाडीने गेली.

शेजाऱ्याची वायर मी गुंडाळून परत दिली. त्याने मनगट दाखवलं, सुजलं होतं. मोरीचं पाणी अजून माझ्या भिंतीला लागतं, पण आम्ही बोलतो.

दीड महिन्याने पाहणी लागली. जबाब वाचून साहेबांनीच विचारलं म्हणे, "यात लिहिलेली मुलगी कुठे आहे?" सरपंचाचा भाऊ नवा शर्ट घालून आला होता. त्याला मागे उभं राहावं लागलं. माझा भाडेकरू कागद घेऊन सोबत गेला, ओळीशी जागा ताडून पाहायला. मी गेले नाही, गुडघा. संध्याकाळी तो परत आला तेव्हा चपलेचा अंगठा तुटलेला, पँट गुडघ्यापर्यंत चिखलाची. पायरीवर बसून त्याने मला सांगितलं.

"कागद एकदाच खिशातून काढला, बाई. मंग गरजच नाई पडली."

"सगळ्या जागा दाखवल्या तिनं?"

"सगळ्या. अन् दोन अशा, ज्या बुढ्यानं बी सांगितल्या नोत्या. साहेबानं लिहून घेतल्या, सही केली." तो पाय चोळत होता. "साहेब मागून तीनदा ओरडले, 'बाई, हळू चाला.'"

"मंग? चालली का हळू?"

"कायची."